गाडी किती देते? वेग आणि ॲव्हरेजचा हिशेब: समृद्धी महामार्गापासून राजूर घाटापर्यंत

जिल्ह्यात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की नारळ फुटायच्या आधीच पहिला प्रश्न येतो, "देते किती?" उत्तरही एका आकड्यात मिळतं. कुणी वीस सांगतो, कुणी बावीस. पण तीच गाडी, तोच चालक आणि तेच पेट्रोल असूनही ॲव्हरेज कधी बावीस लागतो, तर कधी चौदावर येतो. मग पंपवाल्यावर संशय, गॅरेजवाल्यावर राग आणि कंपनीच्या नावाने बोटं मोडणं सुरू होतं. स्पीडोमीटरच्या काट्याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगाव राजा तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. आयुष्यभर साठ-सत्तरने गाडी चालवलेली माणसं एकदम शंभर-एकशेवीसला पोचली. वेळ वाचला हे खरं, पण त्या वेळेची किंमत टाकीतून गेली.

ज्यांची गाडी घरची आहे त्यांच्यासाठी हा खिशाचा प्रश्न आहे. ज्यांची चूलच भाड्याच्या गाडीवर पेटते त्यांच्यासाठी तो पोटाचा आहे. भाडं किलोमीटरवर ठरतं, वेगावर नाही. गिऱ्हाईक "जरा दाबा ना भाऊ" म्हणतं, पण दाबल्याचा खर्च गाडीवाल्याच्या वाट्यातूनच जातो.

इंजिनाची ताकद जाते कुठे?

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात. एक म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातला विरोध. टायर फिरताना सतत दबतो आणि पुन्हा फुगतो, त्यात ताकद खर्च होते. हा विरोध गाडीच्या वजनावर आणि टायरमधल्या हवेवर अवलंबून असतो. वेग वाढला म्हणून तो फारसा वाढत नाही.

दुसरा विरोध हवेचा. गाडीला समोरची हवा बाजूला सारत जावं लागतं. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. ताशी ६० च्या तुलनेत १२० ला हवा चौपट जोराने अडवते. ८० वरून १०० वर गेलं तर वेग फक्त पावपट वाढतो, पण हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. ८० वरून १२० वर गेलं तर तो सव्वादोन पट होतो.

चार माणसांची साधारण हॅचबॅक कार धरून ढोबळ हिशेब केला तर ताशी ६० ते ६५ च्या आसपास टायरचा आणि हवेचा वाटा जवळजवळ सारखा असतो. त्याच्या खाली टायर जास्त खातो, वर हवा जास्त खाते. १२० ला पोचेपर्यंत चाकाला मिळालेल्या ताकदीपैकी चारातले तीन हिस्से निव्वळ हवा सारण्यात जातात.

यात समोरचा वाराही धरावा लागतो. हवेला गाडीचा काटा दिसत नाही, तिच्यासाठी दोन्ही वेगांची बेरीजच खरी. गाडी ८० ने आणि समोरून वारा २० ने असेल तर हवेच्या लेखी ती गाडी १०० ने चालली आहे. पावसाळ्याच्या दिवसांत वारा पश्चिमेकडून असतो. त्यामुळे मुंबईकडे जाताना आणि नागपूरकडे येताना एकाच गाडीचा ॲव्हरेज वेगळा लागला तर त्यात नवल नाही.

मग गाडी तीसने चालवायची का?

असं वाटणं साहजिक आहे, पण तसं केलं तरी तोटाच होतो. इंजिन चालू आहे म्हणजे ते स्वतःसाठीही पेट्रोल खातं. आतले भाग फिरवणं, पाण्याचा आणि ऑइलचा पंप चालवणं, बॅटरी चार्ज करणं हा खर्च गाडी जागेवर उभी असली तरी चालूच असतो. साधारण कारचं इंजिन उभ्या उभ्या तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिऊ शकतं.

गाडी जितकी सावकाश, तितका हा खर्च कमी किलोमीटरवर पडतो. ताशी २० ने १०० किलोमीटर जायला पाच तास लागतात. तासाला पाऊण लिटर धरलं तरी पावणेचार लिटर नुसतं इंजिन चालू ठेवण्यात गेलं. तेच अंतर ६० ने एक तास चाळीस मिनिटांत होतं आणि हा खर्च सव्वा लिटरवर येतो. त्यात सावकाश गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये चालते, म्हणजे दर किलोमीटरला इंजिनाचे फेरे जास्त पडतात.

म्हणजे फार हळू चालवलं तर इंजिन खातं आणि फार जोरात चालवलं तर हवा खाते. दोन्हींच्या मधला पट्टा सगळ्यात स्वस्त. बहुतेक कारसाठी तो ताशी ५० ते ८० या दरम्यान असतो, गाडी वरच्या गियरमध्ये आणि इंजिन गुरगुरत न ठेवता. वरचा गियर टाकून ३० ने रेटणं हा काटकसरीचा मार्ग नव्हे. इंजिन थरथरतं, रेस जास्त द्यावी लागते आणि घसाराही होतो.

तपासणीतून काय दिसलं?

इंधन बचतीचं काम करणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजेच पीसीआरए. पेट्रोल पंपावर हिचे फलक अनेकांनी पाहिले असतील. भारतीय गाड्यांवरच्या चाचण्यांचा हवाला देऊन ही संस्था सांगत आली आहे की, ताशी ८० च्या तुलनेत ४५ ते ५५ च्या वेगाला ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळू शकतो. "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक गाडीला तेवढा फरक पडेलच असं नाही. नव्या, सुबक आकाराच्या आणि पाच-सहा गियरच्या गाड्यांत हा फरक कमी असतो.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१३ साली ७४ गाड्यांची आकडेवारी मांडली. ताशी ८० किलोमीटरवरून (त्यांचे ५० मैल) ९७ वर गेलं की ॲव्हरेज सरासरी १२.४ टक्क्यांनी घटला. ९७ वरून ११३ वर गेलं की आणखी १४ टक्क्यांनी आणि ११३ वरून १२९ वर गेलं की आणखी १५.४ टक्क्यांनी. पायरी तेवढीच, पण दर पायरीला घट मात्र मोठी होत गेली.

हवेचा विरोध सव्वादोन पट होतो म्हणून पेट्रोल सव्वादोन पट लागत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. टायरचा खर्च आणि इंजिनाचा स्वतःचा खर्च तेवढा वाढत नाही. शिवाय भार वाढला की पेट्रोल इंजिन थोडं जास्त कार्यक्षम चालतं. तरीही फरक चांगलाच जाणवतो.

समृद्धीवर एक तास वाचवायला किती लागतात?

हीच घट धरून एक उदाहरण घेऊ. एखादी कार ताशी ८० ला लिटरमागे २० किलोमीटर देते असं समजा. ती १०० ला साधारण १७ आणि १२० ला साधारण १४ देईल. पेट्रोल हिशेबाला सोपं म्हणून लिटरला १०० रुपये धरू. नागपूर ते मुंबई, समृद्धीचे पूर्ण ७०१ किलोमीटर, कुठेही न थांबता:

ताशी ८०: वेळ ८ तास ४६ मिनिटं, पेट्रोल ३५ लिटर, खर्च सुमारे ३,५०० रुपये.
ताशी १००: वेळ ७ तास १ मिनिट, पेट्रोल ४१ लिटरच्या वर, खर्च सुमारे ४,१२० रुपये.
ताशी १२०: वेळ ५ तास ५० मिनिटं, पेट्रोल ५० लिटर, खर्च सुमारे ५,००० रुपये.

आता यातली खोच पाहा. ८० वरून १०० वर गेलं तर पावणेदोन तास वाचतात आणि सहाशे-सव्वासहाशे रुपये जास्त जातात. म्हणजे वाचलेल्या दर तासाला साधारण ३५० रुपये. १०० वरून १२० वर गेलं तर फक्त सव्वा तासाच्या आतबाहेर वेळ वाचतो, पण जास्तीचे पैसे जातात जवळजवळ नऊशे. म्हणजे दर तासाला साडेसातशेच्या आसपास. पहिला वाचवलेला तास स्वस्त पडतो, दुसरा दुपटीने महाग.

कारण साधं आहे. वेग वाढत गेला की वेळेची बचत घटत जाते आणि हवेचा विरोध वाढत जातो. १०० किलोमीटरच्या प्रवासात ८० वरून १०० वर गेलं तर १५ मिनिटं वाचतात. १०० वरून १२० वर गेलं तर १०. एका चहाच्या थांब्यात ही दहा मिनिटं सहज जातात.

भाड्याच्या गाडीचं गणित याहून कडक आहे. ३०० किलोमीटरची फेरी, ॲव्हरेज २० असेल तर पेट्रोलला दीड हजार रुपये लागतात. ॲव्हरेज १४ वर आला तर एकवीसशे चाळीस. एका फेरीला ६४० रुपयांचा फरक. महिन्याला अशा आठ फेऱ्या धरल्या तर पाच हजारांवर रक्कम होते. गाडीचा हप्ता भरणाऱ्याला पाच हजार म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांत ताशी ८० ओलांडलं की थांबून थांबून टिंग वाजते आणि १२० ओलांडलं की ती सतत वाजत राहते. ही सोय सुरक्षिततेसाठी सक्तीची केली आहे. अनेकांना तिचा वैताग येतो, काहीजण ती बंद करता येते का असं गॅरेजमध्ये विचारतात. पण पहिली टिंग जिथे वाजते, साधारण तिथूनच टाकीही जोरात रिकामी व्हायला लागते. खिशाची घंटा म्हणून ऐकली तर तिचा त्रास कमी होईल.

गावरस्त्यावर वेगापेक्षा ब्रेक महाग

जिल्ह्यातले बहुतेक लोक रोज समृद्धीवर जात नाहीत. त्यांचा रस्ता म्हणजे चिखली-मेहकर, खामगाव-शेगाव किंवा गावाकडचा डांबरी, आणि त्यावर मधे मधे गावं, शाळा, बैलगाड्या आणि स्पीड ब्रेकर. इथे १०० चा प्रश्नच येत नाही, तरी ॲव्हरेज पडतो. का?

चालत्या गाडीत ताकद साठलेली असते आणि तीही वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेक मारला की ही साठवण ब्रेकमध्ये गरम होऊन वाया जाते. पुन्हा वेग धरायला ती नव्याने पेट्रोलमधून घ्यावी लागते. माणसांसह ११०० किलोची कार ताशी ६० वर आणायला, पेट्रोलमधली साधारण चौथाई ताकद चाकापर्यंत पोचते असं धरलं तर, १९ मिलिलिटर पेट्रोल लागतं. म्हणजे दोन रुपयांच्या आसपास. ८० वर आणायला ३४ मिलिलिटर, ४० वर आणायला साडेआठ.

म्हणजे साठने येऊन स्पीड ब्रेकरच्या तोंडावर कचकन ब्रेक मारला की दोन रुपये तिथेच सांडले. वाटेत असे वीस ब्रेकर असतील तर चाळीस रुपये. दोन ब्रेकरमधलं अंतर तीनशे-चारशे मीटर असताना साठ गाठून काही मिळत नाही, वेळ काही सेकंदच वाचतो. तिथे चाळीसने चाललं तर दर ब्रेकरला निम्म्याहून जास्त पेट्रोल वाचतं.

दुसरी युक्ती याहून सोपी आहे. ब्रेकर दिसला की आधीच रेसवरचा पाय काढायचा आणि गाडी गियरमध्येच ठेवून तिच्या मनाने हळू होऊ द्यायची. साठलेली ताकद ब्रेकमध्ये जळण्याऐवजी पुढचे शंभर-दोनशे मीटर गाडीला नेते. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या सांगण्यानुसार, झटके देत रेस आणि ब्रेक मारत चालवण्याने महामार्गाच्या वेगाला १५ ते ३० टक्के आणि थांबत-चालत जाण्याच्या रहदारीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज पडू शकतो. त्यामुळे पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटून चालवणं हे धोक्याचंही आहे आणि खर्चाचंही.

घाटात न्यूट्रल मारण्याचा गैरसमज

बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरताना राजूर घाट, खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट. दोन्ही ठिकाणी "उतारावर न्यूट्रल मारला की पेट्रोल वाचतं" हे ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ते उलटं आहे.

गाडी गियरमध्ये असताना रेसवरचा पाय पूर्ण काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात. गाडीतला संगणक हे ओळखतो आणि इंजिनाला पेट्रोल देणं बंद करतो. त्या वेळेला खर्च शून्य असतो. न्यूट्रल मारला की इंजिन चाकापासून सुटतं, मग ते बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जळतं, गियरमध्ये जळत नाही. शिवाय इंजिनाचा अडवा गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर ब्रेक तापून लागेनासे होऊ शकतात. इंजिन बंद करून उतरणं तर सरळ जिवाशी खेळ आहे, कारण ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतच जाते.

चढाचं गणित वेगळं. ११०० किलोची गाडी १०० मीटर उंच चढवायला साधारण १३५ मिलिलिटर पेट्रोल जास्त लागतं, मग वेग कोणताही असो. पूर्णा खोऱ्यातल्या मलकापूरहून अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या बुलढाण्याला येताना ॲव्हरेज कमी आणि जाताना जास्त लागतो तो याच कारणाने. म्हणून ॲव्हरेज मोजायचा तर जाऊन-येऊन मोजावा, एका बाजूचा धरू नये.

कॅरियर, काच आणि एसी

टपावरच्या कॅरियरवर सामान बांधलं की गाडीचा हवेतला आकार बिघडतो. अमेरिकी ऊर्जा विभागाचे आकडे सांगतात की, टपावरच्या मोठ्या पेटीमुळे शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० च्या वेगाला १० ते २५ टक्के ॲव्हरेज पडतो. सामान तेच, फरक फक्त वेगाचा. लग्नाच्या गाडीवर गाद्या-भांडी बांधून समृद्धीवर शंभरने जाणं सगळ्यात महाग पडतं. सामान डिकीत मावत असेल तर डिकीतच ठेवावं आणि रिकामं कॅरियर काढून ठेवावं.

एसी लावावा की काचा उघडाव्यात, हा वाद दर उन्हाळ्यात होतो. उत्तर वेगावर आहे. गावात, चाळीसच्या आत काचा उघड्या ठेवणं स्वस्त. महामार्गाच्या वेगाला उघड्या काचांतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो, तिथे काचा लावून एसी मध्यम ठेवणं बरं.

टायरमध्ये हवा कमी असेल तर प्रत्येक वेगाला नुकसान होतं. पण जास्त वेगाला त्यात जिवाचाही प्रश्न असतो. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि सलग तासन्‌तास वेगात चालल्यावर फुटू शकतो. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी, गुळगुळीत झालेल्या टायरवर १२० ने जाणं म्हणजे पेट्रोलचा हिशेब बाजूलाच राहिला. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किती हवा भरायची ते लिहिलेलं असतं. टायर थंड असताना, महिन्यातून दोनदा तेवढी हवा तपासावी.

मोटारसायकल, पिकअप आणि इलेक्ट्रिक गाड्या

मोटारसायकलवर बसलेला माणूस म्हणजे हवेसमोर धरलेली फळीच. वजन कमी असल्याने टायरचा खर्च थोडा, त्यामुळे हवेचा वाटा कारपेक्षा लवकर मोठा होतो. १०० सीसीच्या गाड्या ताशी ४० ते ५० ला सगळ्यात चांगला ॲव्हरेज देतात. अनेक जुन्या मोटारसायकलींच्या मीटरवर याच सुमाराला "इकॉनॉमी"चा हिरवा पट्टा असायचा. सत्तर-ऐंशीला तीच गाडी कितीतरी कमी देते.

पिकअप, बोलेरोसारख्या उंच आणि चौकोनी गाड्या हवा सारण्यात कारपेक्षा कमकुवत. वर ताडपत्री फडफडत असेल तर आणखीच. भाजीपाला घेऊन पहाटेच्या लिलावाला पोचायचं असतं, घाई खरी असते. पण १०० किलोमीटरच्या अंतरात ७० ऐवजी ८० ने गेलं तर जेमतेम दहा-अकरा मिनिटं वाचतात आणि हवेचा विरोध ३० टक्क्यांनी वाढतो. अर्धा तास आधी निघणं हाच त्यावरचा स्वस्त उपाय. समृद्धीवर मालवाहू गाड्यांना तशीही ताशी ८० ची मर्यादा आहे.

इलेक्ट्रिक गाडी उभी असताना इंजिनासारखं काही खात नाही, त्यामुळे सावकाश चालण्याचा तोटा तिला जवळजवळ नसतो. गावात ती उत्तम चालते. पण हवेचा नियम तिलाही लागू आहे, आणि तिच्याकडे वाया जाणारी उष्णता कमी असल्याने वेगाचा परिणाम उघड दिसतो. शहरात मिळणारी रेंज समृद्धीवर १२० ने मिळेल या भरवशावर निघालं तर वाटेत चार्जर शोधायची पाळी येते. पुढचा चार्जर लांब असेल तर वेग ८०-९० वर आणणं हाच तिथे उपाय.

कंपनीचा आकडा का लागत नाही?

जाहिरातीतला ॲव्हरेज खोटा नसतो, पण तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. भारतात तो पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत रोलरवर गाडी चालवून काढला जातो. वर्षानुवर्षं कारसाठी जी ठरीव चाचणी वापरली गेली, ती सुमारे २० मिनिटांची आणि साडेदहा किलोमीटरहून थोडी मोठी. तिचा सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास आणि सर्वांत जास्त वेग ९०, तोही थोडाच वेळ. त्यात खड्डा नाही, घाट नाही, समोरचा वारा नाही, कॅरियरही नाही. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी आहे. समृद्धीवर १२० ने जाणाऱ्याला तो लागावा ही अपेक्षाच चुकीची.

इंधनाचाही थोडा वाटा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. मात्र ॲव्हरेज वीसवरून चौदावर आला असेल तर त्याचा सगळा दोष इथेनॉलवर टाकून चालणार नाही.

स्वतःच्या गाडीचा हिशेब असा काढावा

१. एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी. त्यानंतर राउंड फिगरसाठी वरून टाकायला सांगू नये.
२. मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवावेत किंवा ट्रिप शून्य करावी.
३. किमान ३००-४०० किलोमीटर चालल्यावर त्याच पंपावर तशीच टाकी भरावी.
४. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर, हा खरा ॲव्हरेज.
५. एक टाकी नेहमीच्या वेगाने आणि एक टाकी महामार्गावर ८० च्या आत ठेवून, त्याच रस्त्याने चालवावी. दोन्ही आकडे शेजारी लिहावेत.

डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेज हा अंदाज असतो, तो टाकीच्या हिशेबाशी एकदा ताडून घ्यावा. स्पीडोमीटरबाबतही एक गोष्ट माहीत असावी. नियमाप्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतो. त्यामुळे काट्यावर १०० असताना मोबाइलच्या नकाशावर ९५-९६ दिसलं तर मीटर बिघडला असं नव्हे.

देशांनीही हाच उपाय केला होता

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा अमेरिकेने वेगावरच बंधन आणलं. जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८९ किलोमीटरची मर्यादा आली. ती पूर्णपणे उठायला १९९५ साल उजाडलं. वेगमर्यादा नसलेल्या रस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीनेही नोव्हेंबर १९७३ पासून काही महिने ताशी १०० ची मर्यादा लावली होती. युक्रेन युद्धानंतर मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तेल वाचवण्यासाठी दहा उपाय सुचवले, त्यात महामार्गावरचा वेग ताशी किमान १० किलोमीटरने कमी करावा हा एक होता. नवी गाडी नको, नवं यंत्र नको, पाय थोडा हलका करायचा, एवढाच तो उपाय.

घाई केव्हा परवडते?

गाडीत पेशंट असेल आणि संभाजीनगर किंवा अकोला गाठायचं असेल, तेव्हा कुणी लिटरचा हिशेब करत नाही, करूही नये. तिथे वाचलेल्या दहा मिनिटांची किंमत रुपयांत होत नाही. पण तशा फेऱ्या वर्षातून एखाद-दुसऱ्या. बाकीच्या सगळ्या फेऱ्या लग्नाच्या, बाजाराच्या, तालुक्याच्या आणि शेगावच्या दर्शनाच्या असतात. त्यात शंभर-एकशेवीसचा वेग सवयीने येतो, गरजेने नाही.

थोडक्यात सांगायचं तर: महामार्गावर कार ८० ते ९० मध्ये ठेवावी, मोटारसायकल ५० च्या आसपास. गावरस्त्यावर ब्रेक कमी लागेल असा वेग धरावा. उतारावर गाडी गियरमध्येच ठेवावी. टायरची हवा तपासावी, टपावरचं ओझं उतरवावं. भाड्याची गाडी असेल तर ठरवतानाच गिऱ्हाइकाला सांगावं की गाडी ऐंशीने जाईल, आणि पोचायची वेळ त्या हिशेबाने द्यावी. दाबायला लावणाऱ्याने जास्तीचं पेट्रोल भरायची तयारी ठेवावी, हे बोलणंही निघताना झालेलं बरं.